मेस्तांचं मानधन आणि तो एक रकाना

'सादर केलेल्या कार्यक्रमांचा तपशील : तारीख, स्थळ, आयोजक.' वृद्ध कलाकारांच्या मानधनाच्या अर्जातला हा रकाना आठवला की माझं डोकं आजही फिरतं.

अर्ज माझ्या मेस्तांचा, म्हणजे इगर्जीत (चर्चमध्ये) संगीत शिकवणाऱ्या गुरुजींचा होता, धावपळ माझी. दक्षिण गोव्यातल्या सासष्टीतल्या एका गावात त्यांनी इगर्जीचं संगीत सांभाळण्यात उभा जन्म घातला. सकाळी मिस (इगर्जीतला मुख्य प्रार्थनाविधी), संध्याकाळी मुलांना सोल्फेज (स्वरलिपी गाऊन वाचायचे धडे), आणि कुणाच्या घरी किंवा वाटेवरच्या खुरसापाशी (क्रुसापाशी) लादीन, म्हणजे गाऊन म्हणायची प्रार्थना असली की व्हायोलिन काखेत मारून हजर. आमचं घर देवळाकडचं, मराठी बोलणारं, तरी मला त्यांनी शिकवलं. आधी कित्येक महिने हाताने मात्रा धरत दो-रे-मी म्हणायचं, मगच गजाला हात लावायचा. आज मी जत्रेतल्या नाटकांना साथ करतो ती त्या घोटण्यावर.

मामलेदार कचेरीतले दाखले, पंचायतीचा कागद, पासबुक हे जमलं. घोडं अडलं त्या रकान्यापाशी. "निमंत्रणपत्रिका, पेपरातली कात्रणं, प्रशस्तिपत्रं जोडा," खिडकीतल्या बाई म्हणाल्या. आता रविवारच्या मिसेची निमंत्रणपत्रिका कोण छापतो? लादिनीचा आयोजक कोण लिहायचा, ज्याच्या घरी चणे खाल्ले तो? मेस्तांना विचारलं तर ते शांतपणे म्हणाले, "हांव कार्यक्रम करिना रे बाबा, हांव मिसाक वाजयतां." बोलणं शंभर टक्के खरं, आणि अर्जाच्या दृष्टीने शंभर टक्के घातक. हे वाक्य साहेबांसमोर अजिबात बोलू नका, असं मी त्यांना बजावून ठेवलं.

तरी व्हायचं ते झालंच. वरचे साहेब म्हणाले, "ही धार्मिक सेवा झाली. कला कुठे आहे यात?" तिथे माझा तोल गेला. म्हटलं, साहेब, पोर्तुगीज अमदानीत गावोगावच्या इगर्जींच्या शाळांतून स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवलं गेलं, म्हणून तर मुंबईच्या सिनेमाचे वाद्यवृंद गोंयकारांनी भरले. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल ज्यांच्याकडे व्हायोलिन शिकले ते अँथनी गोन्साल्विस सासष्टीतल्याच माजोर्ड्याचे, आणि त्यांचे वडीलही इगर्जीतले संगीतशिक्षकच. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. चहाही मागवला. मग म्हणाले, "पटलं. पण कागद?"

कागद शेवटी इगर्जीतच निघाला. विगारांनी, म्हणजे इगर्जीच्या प्रमुख पाद्रींनी, फाब्रिकेच्या (इगर्जीचा कारभार पाहणाऱ्या मंडळाच्या) जमाखर्चाच्या जुन्या वह्या कपाटातून काढून दिल्या. फेस्ताच्या (इगर्जीच्या सणाच्या) खर्चात मेणबत्त्या, फुलं, दारूकाम आणि त्याखाली मेस्तांचं नाव आणि रक्कम. रक्कम बघून हसू येतं, पण वर्षामागून वर्षं तीच ओळ. सुरुवातीच्या वह्या पोर्तुगीजमध्ये, म्हणून भाषांतर करून घ्यावं लागलं.

पण खरं काम केलं मोतेतांच्या वह्यांनी. उपवासकाळात गायची ही लॅटिन पदं, सोबत व्हायोलिनं, क्लॅरिनेट, डबल बास. प्रत्येक वाद्याची वही मेस्तांनी टाकाने स्वतः उतरवलेली, आणि शेवटच्या ओळीखाली बारीक अक्षरात सही आणि साल. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) लोकभाषेला वाट दिली, मिस लॅटिनमधून कोंकणीत आली, तेव्हा कितीतरी ठिकाणी असल्या वह्या माळ्यावर गेल्या. मेस्तांनी नवी कोंकणी गायनं बसवली आणि जुन्या वह्यांना खळ लावून कव्हरं घातली. त्यांच्या झेरॉक्स मी नेल्या, तर म्हणे साक्षांकित करून आणा. साक्षांकन करणाऱ्या अधिकाऱ्याने पान एकदा उलटं धरून पाहिलं, एकदा सुलटं, आणि सोळांश मात्रेच्या सुरांच्या एका सुंदर लडीवर जांभळा शिक्का हाणला : 'मूळ प्रतीबरहुकूम.'

कुणाला असाच अर्ज करायचा असेल तर विगारांच्या पत्रात 'सेवा' हा शब्द येऊ देऊ नका. 'संगीतशिक्षक व गायनवृंदाचे प्रमुख' असं लिहून घ्या आणि कधीपासून कधीपर्यंत तेही. पत्रासाठी फेस्ताच्या नोव्हेन्यांत (फेस्ताआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनांत) जाऊ नका, विगारांना तेव्हा जेवायला वेळ नसतो. दिलेल्या प्रत्येक कागदाच्या प्रतीवर आवक क्रमांक घ्या. आमची एक अख्खी फाइल 'आलीच नाही' म्हणाले होते, क्रमांक दाखवल्यावर ती शेजारच्याच टेबलावर सापडली. शिष्यांची पत्रंही जोडा. कुणी पोलीस बँडात असतो, कुणी बोटीवर वाजवतो, कुणी शाळेत शिकवतो; साहेबांना ती भाषा चटकन कळते. आणि हो, नाव! बाप्तिस्म्याच्या नोंदीत मेस्तांचं नाव दीड ओळीचं, आधारवर दोन शब्दांचं. दोन्ही नावांची व्यक्ती एकच, असं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून आधीच करून ठेवा, नाहीतर सगळं मंजूर होऊन बँकेत अडकतं.

मानधन आता खात्यात जमा होतं. मंजुरीचं पत्र मी मेस्तांना वाचून दाखवलं तेव्हा ते एका पोराचं कोपर सरळ करत होते. "बरें जालें" म्हणाले आणि पुन्हा मात्रा मोजू लागले. हयातीचा दाखला दर वर्षी द्यायचा आहे. तो २२ नोव्हेंबरच्या जवळपास नको, अशी त्यांची सक्त ताकीद आहे. त्या दिवशी संगीताची संरक्षक संत सेंट सिसिलिया हिचं फेस्त, आणि आठवडाभर आधी मुलांची तालीम.