तुम्ही विचारलंत म्हणून: ‘नको इतके’ कसे सांगावे?

मजकूर तपासणे हे माझे काम असल्यामुळे ओळखीचे लोक एक प्रश्न वारंवार विचारतात: एखादी गोष्ट गरजेपेक्षा अधिक झाली, हे सांगणारा नेमका मराठी शब्द कोणता? ‘खूप’ म्हटले तर तक्रार पोहोचत नाही आणि ‘अति’ म्हटले तर उपदेशाचा सूर लागतो, ही त्यांची अडचण खरी आहे. तरीही असा एकच शब्द शोधू नये, असे मला वाटते, कारण आपले शब्द वस्तू किती आहे यापेक्षा बोलणाऱ्याच्या कपाळाला आठ्या पडल्या आहेत की नाही, हेच अधिक सांगतात.

फुलांची रेलचेल असते, उंदरांचा सुळसुळाट. दोन्हीकडे संख्या मोठीच. एका लेखकाने पुस्तक प्रदर्शनाच्या वृत्तांतात ‘चरित्रांचा सुळसुळाट होता’ असे लिहिले होते, ते खोडून मी ‘रेलचेल’ केले. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, “अहो, मला सुळसुळाटच म्हणायचंय. वाचलीत का तुम्ही ती चरित्रं?” मी मुकाट्याने शब्द जागेवर ठेवला.

‘पेव फुटणे’ मात्र जपून वापरावे. पेव म्हणजे धान्य साठवण्याचे जमिनीखालचे कोठार. ते फुटले की आतले सारे एकदम बाहेर येते, म्हणून सल्लागार किंवा पुरस्कार एकाएकी जिकडेतिकडे दिसू लागले तरच त्यांचे पेव फुटते, वर्षानुवर्षे हळूहळू वाढलेल्या गोष्टीचे नाही. ‘ऊत येणे’ यात उकळी आहे, म्हणजे ती ओसरण्याची आशाही आहे. खंडी म्हणजे 20 मण. 1956 च्या कायद्याने दशमान वजने आणली आणि मण, खंडी व्यवहारातून मागे पडली, पण कामे अजून खंडीभरच असतात, ती टनात मोजलेली माझ्या तरी वाचनात नाहीत. ‘जादा’ आणि ‘जास्त’ मूळचे एकाच अरबी घराण्यातले, तरी जादा गाडी सोडली की प्रवासी सुखावतात आणि गाड्या जास्त झाल्या की तेच कुरकुरतात.

वस्तू चांगली असूनही नकोशी झाली, तर ‘अजीर्ण’ हा शब्द मला सर्वांत न्याय्य वाटतो. कौतुकाचे किंवा सल्ल्यांचे अजीर्ण झाले म्हटले, की निम्मा दोष आपल्या पचनाकडे येतो. त्या लेखकाने चरित्रांचे अजीर्ण झाले असे लिहिले असते, तर मी त्या शब्दाला हातही लावला नसता.