आजोबा कुठल्या गावचे?

नैरोबीच्या पार्कलँड्समध्ये आमच्या शेजारचं शीख कुटुंब चार पिढ्या केनियात आहे. १८९६ मध्ये मोंबासाहून युगांडा रेल्वेचं काम निघालं आणि पंजाबातून सुतार, लोहार, गवंडी इथे येऊ लागले. यांचे पणजोबा त्यानंतर आले, रेल्वेच्या वर्कशॉपात सुतार म्हणून.

डिसेंबर १९६३ मध्ये केनिया स्वतंत्र झाला. स्वतःचा जन्म इथला आणि आईवडिलांपैकीही एकाचा इथला, तरच नागरिकत्व आपोआप मिळे; बाकीच्यांना अर्जासाठी दोन वर्षं होती. बीजी म्हणजे या घरातल्या आजी; त्यांच्या यजमानांनी ब्रिटिश पासपोर्टच ठेवला, धाकट्या दिरांनी केनियाचा घेतला. एकाच घरात दोन देश! मग १९६८ मध्ये ब्रिटनने कायदा बदलला. पासपोर्ट ब्रिटिश असला तरी स्वतः, आईवडील किंवा आजीआजोबा ब्रिटनमध्ये जन्मलेले किंवा तिथे नागरिक झालेले नसतील, तर प्रवेशावर बंधन. गोऱ्यांची नातवंडं सहज जात होती. पंजाबी आजोबांच्या नातवंडांनी प्रवेशाच्या परवान्याची, म्हणजे व्हाउचरची वाट बघायची. हे विधेयक संसदेत तीन दिवसांत मंजूर झालं. याचा मला आजही संताप येतो.

आता त्याच पूर्वजांमुळे भारताचं दार उघडतं, पण अर्धंच. बीजींच्या नातीचा ओसीआयचा, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या कार्डाचा अर्ज भरायला मी बसले होते. बीजींनी पत्र्याच्या पेटीतून पणजोबांचा निळा पासपोर्ट काढला. पानं पिवळी पडलेली, शिक्का पुसट, पण जन्मगाव स्वच्छ वाचता येतं: फगवाडा. पणतवंडांना ही सोय २०१५ च्या दुरुस्तीने मिळाली. अडचण नावाची आहे. पणजोबा नुसते ‘सिंग’, मुलाच्या दाखल्यावर मात्र आडनावही आहे. दोघं बापलेक, हे आता सिद्ध करायचं. पुरावा मागणं रास्तच आहे. पण साम्राज्याच्या कारकुनांनी नावं वाटेल तशी लिहिली, त्याचा भुर्दंड चौथ्या पिढीने का भरावा?

आणि ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे. मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वंशाने खरं भारतीय नागरिकत्व मिळायला जन्मावेळी आई किंवा वडील भारतीय नागरिक असावे लागतात.

इथे नोकरीला आलेल्या आपल्या मराठी घरांनी एवढं लक्षात ठेवा: ३ डिसेंबर २००४ पासून परदेशात जन्मलेल्या बाळाची नोंद भारतीय दूतावासात वर्षाच्या आत करावी लागते, दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहूनही द्यावं लागतं. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी लागते. आणि दाखल्यावर आईवडिलांची नावं पासपोर्टवर आहेत तशीच, अक्षर न् अक्षर, घालून घ्या.