आमची वाटचाल : करी रोडची खोली आणि आठ गाणी

२०१४च्या गुढीपाडव्याला करी रोडला मामांच्या जुन्या शिलाईच्या खोलीत आम्ही आमच्या रेकॉर्डिंग स्टुडिओचा नारळ फोडला. खोली दहा बाय बाराची. मी गाणी लिहिते, चाली लावते. धाकटा भाऊ तबला वाजवतो आणि मिक्सिंग सांभाळतो. भांडवल म्हणजे एक कंडेन्सर माईक, माईकचा आवाज कॉम्प्युटरपर्यंत पोचवणारा दोन चॅनलचा इंटरफेस, हप्त्यावर घेतलेला कॉम्प्युटर आणि भिंतींना टांगलेल्या आईच्या गोधड्या. गोधडीने खोलीतला घुमारा जातो, पण रुळांची घरघर जात नाही. म्हणून गाण्याचं रेकॉर्डिंग आम्ही शेवटची लोकल गेल्यावर करायचो, पहाटेची पहिली सुटायच्या आत. आजही तसंच करतो.

पोट भरलं ते मंडळांच्या गणपतीच्या गाण्यांवर, शाळांच्या स्वागतगीतांवर, लग्नाच्या आणि प्रचाराच्या गाण्यांवर. त्या कामाचा मला अभिमान आहे. मंडळाच्या पोरांनी आपला मुखडा ढोलाच्या तालावर म्हटलेला ऐकणं साधी गोष्ट नाही. आमचा स्वतःचा अल्बम मात्र दर दिवाळीला पुढे जायचा. गिरणगावातल्या बायकांवरची आठ गाणी. पाळीवरून येणाऱ्यांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या आणि १९८२च्या संपानंतर पापड-लोणच्यांवर घर ओढणाऱ्या बायका आम्ही लहानपणापासून पाहिल्या. त्यांच्यावर लिहायचं हे आधीपासून ठरलेलं होतं.

कॉम्प्युटरने पहिल्या वर्षापासून छळलं. गायिकेला हेडफोनमध्ये स्वतःचाच आवाज मागाहून ऐकू यायचा. बफर, म्हणजे कॉम्प्युटर आवाजाचा जेवढा तुकडा एका वेळी हाताळतो तो, १०२४ सॅम्पलचा (आवाजाच्या सुट्या मोजमापांचा) ठेवलेला. ४८ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४८ हजार सॅम्पल धरले तर, आवाज आत जाताना एकवीस मिलिसेकंद आणि बाहेर येताना तेवढेच. एवढ्याने भावाची तिहाई (तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा) समेवर पडेना. बफर १२८ केला की मशीनला दम लागायचा आणि आवाज तडतडायचा. शेवटी रेकॉर्डिंगच्या वेळी बफर कमी, आवाजावर प्रक्रिया करणारे सगळे प्लगइन बंद आणि मिक्सला बसताना बफर जास्त, अशी सवय लावून घेतली.

खरा फटका २०१९च्या जुलैत बसला. पावसात वीज गेली, आली आणि हार्ड डिस्कमधून टक... टक... असा आवाज यायला लागला. अल्बमची पाच गाणी तिच्यात होती. कॉपी होती, पण त्याच डिस्कच्या दुसऱ्या पार्टिशनवर, म्हणजे तिच्याच दुसऱ्या कप्प्यात. पाच मिनिटांच्या गाण्याचे चाळीस ट्रॅक (वेगवेगळे घेतलेले आवाज आणि वाद्यं) २४ बिटमध्ये म्हणजे पावणेदोन जीबी. वेगळी डिस्क घ्यायला हवी हे कळत होतं, पण दर महिन्याला भाड्याने बाजी मारली.

लॅमिंग्टन रोडला एका दुकानात माणसाने टेबलावरच डिस्कचे स्क्रू काढायला घेतले. भावाने पटकन तिच्यावर हात ठेवला. आत चकती फिरत असताना वाचणारी टोकं तिच्यापासून काही नॅनोमीटर वर तरंगतात. बाजारातली धूळ तिथे पुरेशी असते. दुसरीकडे, क्लीन रूम म्हणजे धूळ येऊ न देणारी खोली असलेल्या ठिकाणी दिली. पाच आठवड्यांनी बऱ्याच फाइल परत आल्या, पण नावं गेलेली. नुसते आकडे. सहाशेच्या वर.

एकेक ऐकायला बसलो. तबल्याचा टेक, म्हणजे एका वेळचं रेकॉर्डिंग, कुठल्या गाण्याचा, हे भाऊ दोन आवर्तनांत ओळखायचा. दहाव्या-बाराव्या रात्री एक फाइल लागली. खालच्या मजल्यावरच्या मावशी ओवी म्हणायला आल्या होत्या, तेव्हा टेक संपल्यावरही माईक चालूच राहिला होता. मावशी विचारतात, "बंद झालं का गं ते?" आणि लगेच खानावळीचा हिशोब सांगायला लागतात : पहाटे किती पोळ्या, कोणाचा डबा, कोणाची उधारी संपात सोडून दिली. खुर्ची करकरतेय, मागे कुकरची शिट्टी. तो टेक आम्ही तेव्हा बाजूला टाकला होता. पाचवं गाणं मी त्यावरून नव्याने लिहिलं, मावशींना विचारून. आधीचं गोड होतं, पण त्यात उधारी नव्हती.

तेव्हापासून प्रत्येक टेकच्या आधी भाऊ गाण्याचं नाव आणि नंबर माईकवर बोलतो. तीन कॉपी असतात, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक त्याच्या डोंबिवलीच्या घरी. गाणं पुरं झालं की सगळे ट्रॅक गाण्याच्या अगदी सुरुवातीपासूनच्या साध्या वेव्ह (आवाजाच्या) फाइल करून ठेवतो, कारण सॉफ्टवेअर बदललं की जुनं सेशन, म्हणजे त्या सॉफ्टवेअरमधली गाण्याची मांडणी, उघडेलच असं नाही. गिऱ्हाइकांच्या कामालाही हाच नियम. त्याचे वेगळे पैसे घेत नाही.

लॉकडाऊनमध्ये कामं थांबली आणि त्या काळात सहावं गाणं झालं. सातवं सध्या मिक्सला आहे. आठव्यासाठी मावशी गुरुवारी रात्री वर येतील. त्याआधी ती खुर्ची बदलायची की तशीच ठेवायची, यावर आमचं अजून एकमत नाही. मी तशीच ठेवा म्हणते.