वसईचा किल्ला: ट्रायपॉड जरा चुकीच्या जागी

पडके वाडे, गंजलेली फाटकं, भिंतीतून निघालेला पिंपळ यांचे फोटो काढायचं मला वेड आहे. बायको याला भिकेचे डोहाळे म्हणते. जुलैतल्या एका शनिवारी हेच डोहाळे पुरवायला वसईला गेलो. स्टेशनबाहेर रिक्षावाल्याने विचारलं, "किल्ल्यात? प्री-वेडिंग का?" एकट्या, पोट सुटलेल्या माणसाला!

पण त्याचंही चुकलं नाही. आत शिरलो तर पहिल्याच कमानीखाली शूटिंग चालू. नवरीच्या लाल झग्याचा घोळ दोन पोरं उचलून धरायची आणि "सोड!" म्हटलं की हवेत भिरकावून पळायची. झगा चिखलात पडायचा, पुन्हा झटकायचा, पुन्हा "सोड!" मी मनातल्या मनात शिव्या घालत पुढे सटकलो. एसी लोकलमधून दमट हवेत आल्यामुळे लेन्सवर वाफ धरली होती, ती जाईपर्यंत वीस मिनिटं डासांना रक्तदान केलं. (पुसू नका. पुसली की पुन्हा धरते आणि वर काचेवर फराटे राहतात ते वेगळे.)

सेंट जोसेफ चर्चच्या मनोऱ्यापाशी थोडा रेंगाळलो. मी नाशिकचा. लहानपणी कुणी मोठ्याने बोललं की आजी म्हणायची, "काय ही नारोशंकराची घंटा!" ती घंटा वसईची, हे फार उशिरा कळलं. 1534 पासून किल्ला पोर्तुगिजांकडे होता. मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी तो घेतला आणि इथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी विजयाची खूण म्हणून नेल्या. एक भीमाशंकरला, एक मेणवलीला, आणि 1721 सालची एक आमच्या गोदाकाठी नारोशंकराच्या देवळावर. आता इथे वर पारवे घुमतात, बाकी सामसूम.

पावसाळ्यात या किल्ल्याचा रंगच बदलतो. उन्हाळ्यात राखाडी, रुक्ष दिसणारे दगड शेवाळाने हिरवेगार होतात, सांध्यातला चुना गेलाय तिथे नेचे उगवतात. कावळ्याने टाकलेल्या बियांतून उगवलेले पिंपळ आता भिंतीएवढे झालेत. भिंत त्यांनीच फोडली, आणि आता त्यांनीच मुळांच्या पंज्यात आवळून धरली आहे. झाड काढलं तर दगडही खाली येतील.

फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती साधूंच्या पंथाच्या चर्चमध्ये मात्र मी अधाशासारखा सुटलो. छप्पर नाही, वरून ढगाळ, मऊ उजेड, आणि जमिनीत बसवलेल्या थडग्यांच्या फरशा. अक्षरं झिजलेली. बाटलीतलं पाणी एका फरशीवर ओतलं. ओला दगड काळा पडतो, खाचांत पाणी चमकतं आणि अक्षरं वर येतात, ही आमची जुनी युक्ती. ट्रायपॉड लावला. आकाश पांढरं, कोपरे काळे, म्हणून एकाच चौकटीचे कमी-जास्त उजेडाचे तीन तीन फोटो घेत होतो. मागून आवाज आला.

"अरे बाबा, त्याच्या छातीवर उभा हायस तू."

वळून पाहिलं. लुगडं नेसलेल्या एक म्हाताऱ्या बाई, गळ्यात काळ्या दोऱ्यात छोटा क्रूस, हातातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत नुकताच खुडलेला टाकळा. मी खाली पाहिलं. माझे बूट आणि ट्रायपॉडचे तिन्ही पाय, सगळं फरशीवरच.

"सॉरी मावशी," म्हणत उतरलो. वर अक्कल पाजळायला गेलो, "तीन-चारशे वर्षांपूर्वीचं आहे हो हे."

"म्हनून काय झालं? मेलेला मानूस जुना व्हतो काय?"

मला उत्तर सुचलं नाही. मग त्याच वाकल्या. "काय लिवलंय?" मी एकेक अक्षर जुळवत वाचलं, से-पुल-तु-रा. थडगं असा अर्थ असणार, एवढंच सांगू शकलो.

"आनि नाव?"

नाव जिथे असायला हवं तिथे दगडाचा टवका उडाला होता. त्यांनी तिथे दोन बोटं फिरवली, छातीवर क्रूसाची खूण केली आणि उठल्या. "काढ फोटो. पन उतरून काढ." मी त्यांचाही एक काढू का विचारलं, तर हातानेच नको म्हणाल्या आणि भिंतीकडच्या टाकळ्याकडे वळल्या.

नंतरचे दोन तास मी फिरलो खरा, पण दर पावलाला खाली बघत. बाहेर पडताना लाल झगा अजून उडतच होता. या वेळी शिव्या आल्या नाहीत. आपण तरी काय वेगळं करत होतो?

घरी येऊन फोटो उघडले. एकूण 214. त्यातला त्या फरशीचा, उतरल्यावर काढलेला, सगळ्यांत चांगला आलाय. ओला काळा दगड, अक्षरं अगदी स्वच्छ, आणि त्यांच्यावर ट्रायपॉडच्या पायांचे तीन गोल चिखलाचे ठसे. कॉम्प्युटरवर ते पुसायला दोन मिनिटं लागतील. महिना झाला, तसेच आहेत.