आधी उतार, मग चढ : मातेरा आणि ग्राविनांच्या मुलखात सहा दिवस

राजगड लांबून दिसतो. पायथ्याशी गाडीतून उतरून वर बघितलं की कळतं, आज घाम निघणार. दक्षिण इटलीत, बुटाच्या टाचेपाशी, याच्या अगदी उलटा कारभार आहे. गव्हाची शेतं, दगडी गडगे, खुरटी झुडपं, सगळं परातीसारखं सपाट. चालत राहावं आणि अचानक पायापुढची जमीनच संपावी. खाली चुनखडीची सरळसोट घळ, तळाशी पाण्याची बारीक रेघ. अशा घळीला तिथे 'ग्राविना' म्हणतात. ताई पहिल्यांदा कडेपाशी आली आणि दोन पावलं मागे सरून म्हणाली, "अगं, पाटी तरी लावायची!"

म्हणजे इथे आधी उतरायचं आणि चढ नंतर. दमल्यावर, पाणी संपत आल्यावर, ऊन डोक्यावर आल्यावर. सह्याद्रीत चालणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ झालं.

मी पन्नाशीची, ताई साठीला टेकलेली, तिचे गुडघे कुरकुरणारे. एप्रिलच्या शेवटी गेलो. मातेरा हे गाव बाझिलिकाता प्रांतात, पण जायचं शेजारच्या पुल्यातल्या बारीहून. बारीपासून साधारण ६५ किलोमीटर. बारीच्या मुख्य स्टेशनाच्या बाजूलाच अरुंद मापाच्या रेल्वेचं वेगळं छोटं स्टेशन आहे, तिथून दीड-दोन तासांत मातेरा. मुख्य स्टेशनात शिरून ही गाडी शोधत बसू नका. रविवारी आणि सणाच्या दिवशी वेळापत्रक वेगळं असतं, तेही आदल्या दिवशी बघून ठेवा.

आणखी एक. अल्तामुराला ही लाइन फुटते, एक फाटा मातेराला, दुसरा ग्राविना इन पुल्या या गावाला. (हो, घळीचंही नाव ग्राविना आणि गावाचंही.) काही गाड्या तिथे चक्क दुभागतात. पुढचे डबे एकीकडे, मागचे दुसरीकडे. आम्ही गप्पांच्या नादात चुकीच्या डब्यात बसलो आणि मातेराऐवजी भर दुपारी दीडला ग्राविनात उतरलो. दुकानं बंद, चर्चं बंद, रस्त्यात एक मांजर. दुपारी एक ते साडेचार-पाच हा मुलूख झोपतो, हे वाचलं होतं, तेव्हा पटलं. एका कॉफीवाल्याने बॅगा ठेवून घेतल्या, म्हणून निभावलं.

पण चूक फळाला आली. गावाच्या कडेला घळीवर दोन मजली कमानींचा पूल आहे, सुमारे ३७ मीटर उंच. १७२२च्या भूकंपात तो मोडला, नंतर पुन्हा उभारला आणि पुढे त्यावरूनच पलीकडच्या झऱ्यांचं पाणी गावात आणलं. त्या उन्हात पुलावर आम्ही दोघीच. पलीकडे जाऊन गावाकडे वळून पाहिलं की घरं कुठे संपतात आणि कडा कुठे सुरू होतो ते कळत नाही. घराखाली गुहा, गुहेखाली कातळ. पुलावर जायचंच, फक्त टोपी घालून. सावली अजिबात नाही.

मातेरात आम्ही गुहेतली खोली घेतली होती. पहिल्या रात्री भिंतीला हात लावला तर अंगठ्याला पिवळसर भुकटी लागली आणि डोळ्यासमोर शिंपल्याची नक्षी, अख्खा शिंपला दगडात रुतलेला. समुद्रतळाशी शिंपल्यांचा चुरा साचून हा वरचा दगड झाला. तो इतका मऊ की कुदळीने कोरता येतो. खालचा चुनखडक त्याहून फार जुना आणि कठीण. म्हणून गुहा सगळ्या घळीच्या वरच्या अंगाला दिसतात आणि तळाकडे नुसते कोरे कडे. आपल्याकडे काळ्या पाषाणात लेणी कोरणाऱ्यांनी किती घाम गाळला असेल, ते या मऊ भिंतीपाशी मनात आलं.

गुहांच्या या वस्तीला 'सास्सी' म्हणतात. बारिसानो आणि काव्हेओझो असे तिचे दोन भाग, मधल्या उंचवट्यावर तेराव्या शतकातलं कॅथेड्रल. माणसं, खेचर, कोंबड्या एकाच गुहेत राहत. १९५२मध्ये सरकारने कायदा केला आणि पंधरा हजारांच्या आसपास लोकांना नव्या वसाहतींत हलवलं. सास्सी ओस पडली. १९९३मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव आलं, २०१९मध्ये मातेरा युरोपची सांस्कृतिक राजधानी झालं, आणि आता त्याच गुहांमध्ये आमच्यासारखे लोक पैसे मोजून झोपतात. आमच्या घरमालकीणबाईंच्या आईचा जन्म अशाच एका गुहेतला. ती म्हातारी मात्र इथे पाऊलही टाकत नाही म्हणे. हे ऐकल्यावर खोलीतला मंद दिवा आणि मऊ टॉवेल थोडे टोचायला लागले. पाहुण्यांसाठी मांडून ठेवलेलं एक गुहाघर विको सोलितारिओ या गल्लीत आहे, ते आवर्जून बघा. आतला मोठा पलंग आणि त्याच्यामागे खेचराची जागा बघितली की बाकी काही सांगावं लागत नाही.

मुख्य चौकाखालचं 'पालोम्बारो लुंगो' चुकवू नका. गडावरच्या टाक्यांची सवय असलेल्या आपल्या डोळ्यांनाही ते थक्क करतं. सुमारे १५ मीटर खोल, ५० लाख लिटर पाणी मावेल एवढं कोरीव टाकं, आत लोखंडी जिन्याने उतरायचं. चुनखडी पाणी पिऊन टाकते, पठारावर नदी-ओढा टिकत नाही, म्हणून ही सगळी खटपट. पुल्याला तर डोंगरापलीकडून जलवाहिनी आणावी लागली; बारीत ते पाणी १९१५मध्ये पोचलं.

आता घळीतली वाट. पोर्ता पिस्तोलापासून पायऱ्या आणि दगडी पायवाट खाली उतरते, तळाशी झुलता पूल, मग समोरच्या मुर्जाच्या पठारावर चढ. पुलावरच्या फळ्या हलतात, ताईने "राम राम" म्हणत पार केला. कडेला रानटी थाइमची झुडपं, पाय घासला की थेट ओव्याचा वास. (दोन्हींत थायमॉल असतं, म्हणून.) वर पठारावर खडकात कोरलेली छोटी चर्चं, मेंढरांचे दगडी वाडे आणि समोर अख्खं मातेरा. आम्हाला रमतगमत वर पोचायला सव्वा तास लागला. परतताना तीच घळ पुन्हा उतरून पुन्हा चढायची, हे विसरू नका. आम्ही दोघींत दीड लिटर पाणी नेलं, ते वरच संपलं आणि परतीचा चढ कोरड्या घशाने काढला. माणशी दोन लिटर न्या, खाली भरायला कुठेही जागा नाही. ओढ्याचं पाणी पिऊ नका. पाऊस झाला की ही वाट आणि पूल बंद ठेवतात, म्हणून निघण्याआधी चौकशी करा. सकाळी आठला निघा. संध्याकाळचा उजेड सुंदर पडतो, पण अंधारात तो उतार नको. गवतात गोचिडी असतात, पूर्ण पॅन्ट घाला. घळीत मोबाइलची रेंज जाते. मदतीचा नंबर ११२.

बूट चांगल्या पकडीचेच हवेत, आणि ते गावातही. मी घळीत नाही घसरले. संध्याकाळी रिमझिमीनंतर चपला घालून सास्सीतल्या पायऱ्यांवर घसरले. शतकानुशतकं घासून त्या पायऱ्या काचेसारख्या झाल्या आहेत. आणि चाकांची बॅग तिथे निव्वळ शिक्षा आहे. पाठपिशवीच घ्या.

खाण्याचं टेन्शन घेऊ नका. सुक्या फावाच्या शेंगांचे दाणे शिजवून घोटलेलं दाट पिठलं, शेजारी कडसर चिकोरीची पालेभाजी, वरून कच्चं ऑलिव्ह तेल. पहिला घास घेऊन ताई म्हणाली, "मेलं पिठलंच की गं हे!" नाव 'फावे ए चिकोरिया'. कडधान्यांचं सूप, फोकाच्चा (तेल लावून भाजलेला चपटा पाव), कुरकुरीत तळलेल्या सुक्या लाल मिरच्या, सगळं मिळतं. फक्त कट्टर शाकाहारी असाल तर सुपात मांसाचा रस्सा आणि पावात चरबी नाही ना, एवढं विचारा. चीजमध्येही बहुधा प्राणिजन्य रेनेट (दूध गोठवायला वापरतात ते वासराच्या पोटातलं विरजण) असतं. बिलात पावाचे आणि बसण्याचे म्हणून थोडे पैसे लागतात, त्यावरून वाद घालू नका.

पाचव्या दिवशी भाड्याच्या गाडीने लातेर्त्सा या गावाला गेलो. बस असते, पण तिच्या भरवशावर दिवस ठरवता येत नाही. (आंतरराष्ट्रीय परवाना इथूनच काढून न्या, आणि जुन्या गावांत गाड्यांना बंदी असलेले भाग असतात, बाहेरच लावा.) इथली घळ सगळ्यांत दांडगी, सुमारे १२ किलोमीटर लांब आणि काही ठिकाणी २०० मीटरहून खोल. आम्ही तळाशी गेलोच नाही, कडेकडेने चाललो आणि गुडघ्यांनी दुवा दिला. इथे पांढरं गिधाड घरटं करतं, तेच जे आपल्याकडेही दिसतं. इटलीत मात्र त्याच्या मोजक्या जोड्या उरल्यात. दोन तास दुर्बीण लावून बसलो. खालून घिरट्या घालत वर येणारे छोटे ससाणे भरपूर दिसले, म्हणजे पक्ष्यांच्या पाठी वरून बघायच्या, हेही उलटंच. गिधाड काही आलं नाही.

सवड आणि दम असेल त्यांनी बारी ते मातेरा चालतच जावं. व्हिया पेउचेता नावाची खुणा केलेली वाट आहे, सात टप्पे, सुमारे १७० किलोमीटर. अल्तामुरा आणि ग्राविना दोन्ही वाटेत येतात. एप्रिल-मे किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, जुलै-ऑगस्टमध्ये नको.

परतताना पाव घ्या. मातेराचा किंवा अल्तामुराचा, दोन्ही गावं आपलाच खरा म्हणतात. पूर्वी आठवड्याचा पाव एकदाच सार्वजनिक भट्टीत भाजत, आपला ओळखू यावा म्हणून वर घराण्याचा लाकडी शिक्का मारत. जाड सालीचा, आतून पिवळा, चार-पाच दिवस सहज टिकतो. कापडात गुंडाळा, प्लास्टिकमध्ये नको. आमचा पुण्यात सहाव्या दिवशी संपला, शेवटचा तुकडा शेंगदाण्याच्या चटणीबरोबर.