अहवाल छपाईला जायच्या आदल्या दिवशी

गणपतीच्या तोंडावर खेतवाडीतल्या डीटीपीवाल्यांना जेवायचीही फुरसत नसते. वर्गणीच्या पावत्या, मंडळांचे अहवाल, जाहिरातींची पानं. अशातच तिथल्या एका काकांचा फोन आला. "अरे, पीसी चालू व्हायलाच अर्धा तास लावतोय, मधूनच कट्ट करतोय. उद्या अहवाल छापायला द्यायचाय."

पीसीत एकच डिस्क, ५०० जीबीची. विंडोज, फॉन्ट, सगळं काम त्याच्यावरच. बॅकअप? काकांनी एक पेनड्राइव्ह दाखवला, त्यात भजनं होती.

माझ्या पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करून डिस्कचं स्मार्ट, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, बघितलं. 'करंट पेंडिंग सेक्टर', म्हणजे डिस्कला वाचता न आलेल्या जागा, शून्य असायला हव्यात. इथे शेकड्यात. काकांचा पुतण्या म्हणाला, "दादा, चेकडिस्क मारूया ना, स्लॅश आर." म्हटलं, हात लावू नकोस. चेकडिस्क हे विंडोजचं डिस्क तपासायचं टूल, ते फाइल सिस्टिम, म्हणजे फाइलींची मांडणी, दुरुस्त करायला त्याच आजारी डिस्कवर लिहिणार, वर स्लॅश आर लावलं की खराब जागा शोधायला सगळी डिस्क घासून काढणार. आधी कॉपी, मग काय ती दुरुस्ती कॉपीवर.

नव्याने विंडोज टाकणं सोपं होतं, पण काकांच्या जुन्या मराठी टाइपसेटिंग सॉफ्टवेअरची सीडी कधीच हरवली होती. फॉन्ट युनिकोडचे, म्हणजे कुठल्याही पीसीवर वाचता येतील असे, नाहीत, ते नसले तर वर्षानुवर्षांच्या फाइली म्हणजे नुसती चित्रविचित्र अक्षरं. त्यापायीच तर मशीन अजून विंडोज ७ वर होतं, ज्याचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच संपलाय. जशीच्या तशी नक्कल हाच मार्ग.

कॉम्प्युटरच्या सामानाचा बाजार, लॅमिंग्टन रोड, चालत पाच मिनिटांवर. दुकानदार ४८० जीबीची एसएसडी, म्हणजे न फिरणारी, चिपवाली डिस्क, गळ्यात मारत होता, स्वस्त म्हणून. पण सेक्टरला सेक्टर, म्हणजे डिस्कच्या एकेका कप्प्याची, नक्कल करायची तर जवळजवळ २० जीबी कमी पडले असते. ५०० जीबीचीच घेतली. तिच्यात जुन्या डिस्कइतकेच, ९७,६७,७३,१६८ सेक्टर.

दुसरी डिस्क लावायला मोकळी केबल नव्हती. डीव्हीडी ड्राइव्हची डेटाची (साटा) आणि पॉवरची केबल काढून एसएसडीला लावली. हल्ली डीव्हीडी घालतंय कोण! मग डीडीरेस्क्यू हे खराब डिस्कची नक्कल काढणारं टूल सुरू केलं. ते आधी चांगला भाग भराभर उचलतं, अडलं की पुढे उडी मारतं आणि कुठे अडलं ते मॅप फाइलमध्ये टिपून ठेवतं. ती फाइल मी वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवली, म्हणजे लाइट गेली तरी तिथूनच पुढे. बहुतेक डिस्क चहा-वडापावात झाली. उरलेल्या चिमूटभर जागांसाठी मात्र रात्र गेली. काका खुर्चीतच घोरत होते.

पहाटे काही केबी सोडून सगळं आलं होतं. जुनी डिस्क काढली, मगच मशीन चालू केलं. नक्कल केल्यावर दोन्ही डिस्कची सही, म्हणजे विंडोज डिस्क ओळखतं तो नंबर, एकच असते, एकत्र ठेवल्या की विंडोज गोंधळतं. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, चालू व्हायची डिस्क म्हणून एसएसडी निवडली. विंडोज उठलं, चेकडिस्क आता नव्या डिस्कवर मारली.

अहवाल उघडला. सगळी पानं शाबूत, फक्त माजी अध्यक्षांच्या फोटोचा छातीखालचा भाग राखाडी. न वाचलेली जागा नव्या डिस्कवर कोरीच राहिली होती, त्याला चेकडिस्क काय करणार? पुतण्याने कार्यकर्त्यांच्या ग्रुपवर फोटो मागितला, तिसऱ्या मिनिटाला आठ आले.

"जुनी डिस्क भंगारात देऊ?" काकांनी विचारलं. म्हटलं, विसर्जनापर्यंत कपाटात ठेवा, आणि भजनांचा पेनड्राइव्ह रिकामा करून द्या मला.