पंधराशे रुपये आणि आळस

आज केजच्या स्टँडजवळ चहाला थांबलो, तर तोच विषय. "फुकट रेशन अन् लाडक्या बहिणीचे पंधराशे. सोयाबीन काढायला बाई मिळंना बघा," एक काका म्हणाले. मी विचारलं, "पीएम किसानचे वर्षाला ६,००० तुम्हालाही येतात ना, काका?" "ते वेगळं, ते हक्काचं!" (पुढं बोललो नाही, चहा त्यांनीच पाजला होता.)

माणशी महिन्याला ५ किलो धान्यावर कोण घरी बसून राहील? तसं असतं तर दसरा-दिवाळी झाली की आपल्या बीडची जोडपी मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायला लेकराबाळांसकट कोयता घेऊन साखर कारखान्यांवर ऊस तोडायला गेलीच नसती. फरक एवढाच पडलाय की बाई आता आधी दिवसाची मजुरी किती ते विचारते. मला तर बरं वाटतं.

१९७२ च्या दुष्काळात याच भागातल्या लोकांनी दुष्काळी कामांवर खडी फोडली. पुढे रोजगार हमीचा कायदा झाला, १९७७ चा. काम मागणारे तेव्हाही होते, आजही आहेत. निवडणुकीच्या तोंडावर पैसे वाटण्याचा राग मलाही येतो, पण तो वाटणाऱ्यांचा.

बरं, तुमच्याकडं यंदा काढणीचा भाव काय चाललाय? रोजानं की एकरी?